भेगांतला उंदीर, धुक्यातलं वटवाघूळ

जूनचा पहिला आठवडा. एकबुर्जीच्या वाटेवरच्या शेतात काळ्या मातीला मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. पावसाचा पत्ता नाही. वाकून बघत होतो, तर बांधावर बसलेले काका म्हणाले, "सर, भेगीत हात नका घालू. उंदीर राह्यते तिथं, अन् उंदरामागं साप." एवढ्यात तो दिसलाही. मऊ केसांचा, राखी-तपकिरी, पोटाकडे फिकट. क्षणभर बाहेर, की लगेच आत. "कोणता उंदीर हा?" म्हटलं. "शेतातला," काका म्हणाले.

वाशीममध्ये इतकी वर्षं काढली आणि मीही त्याला एवढंच म्हणत आलो. वहीत लिहिलं : याचं नाव शोधायचं.

*

नाव मिळालं. शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा, शेतीच्या पुस्तकांत 'मेटाड'. शब्द कुठला म्हणून मागे मागे गेलो तर धारवाडला पोचलो. वॉल्टर एलियट हा कंपनी सरकारचा अधिकारी तिथं होता. 'दक्षिण मराठा मुलुखा'तल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यानं १८३९ मध्ये मद्रासच्या नियतकालिकात छापली. त्यात या उंदराचं वर्णन आहे, आणि हा शब्द वडारांचा आहे, असं त्यानं नोंदवलं आहे. तळी खोदणारे, माती उपसणारे, दगड फोडणारे वडार. बीळ कुणाचं, त्याचं तोंड कुठं, आत किती पिल्लं, हे त्यांना ठाऊक होतं. एलियटनं विचारलं, त्यांनी सांगितलं.

लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रेनं त्याआधी, १८३७ मध्ये, एलियटचे नमुने पाहून शास्त्रीय नाव दिलं होतं. एलियट 'मेटाड' लिहितो, ग्रेच्या लेखात 'मेल्टाडा' आहे. शास्त्राचा नियम असा की, आधी छापलेलं नाव टिकतं. म्हणून तो एक 'ल' आजही तिथंच आहे.

*

एलियटनं लिहिलेली गोष्ट आमच्याकडच्या कुणाही शेतकऱ्याला आपलीच वाटेल. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढला. मेटाड इतके वाढले की पेरलेलं बी जमिनीतच खाऊन टाकू लागले. पुढं ज्वारीच्या धांड्यांवर चढून कणसं तोडली. शेतंच्या शेतं गेली. लोकांनी वडारांना कामाला लावलं. इतक्या डझनांना इतकं माप धान्य, असा दर ठरला. हजारोंनी उंदीर मारले, तरी कमी झालेले दिसेनात.

आणखी एक निरीक्षण त्यानं केलं आहे. उन्हाळ्यात हे उंदीर काळ्या मातीच्या भेगांमध्ये राहतात आणि पाऊस सुरू झाला की भेगा ढासळून, बुजून त्यांच्यातले पुष्कळ दरवर्षी मरतात. काकांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग? पाऊस लांबला का उंदीर वाढते, हे आमच्या बापालेबी ठावं होतं." मीही तेच म्हणत होतो. ठाऊक असतं, पण लिहिलेलं नसतं.

*

रात्री वाचलं ते ढगांच्या रानाबद्दल. उष्ण प्रदेशातल्या डोंगरमाथ्यावर अशी रानं असतात. ढग झाडांतूनच वाहत राहतो, फांद्यांवर शेवाळ, पाणी पावसाबरोबर धुक्यातूनही ठिबकतं. कोलंबिया आणि इक्वेडोरच्या अशा रानातून २०१३ मध्ये ऑलिंगिटो हा प्राणी जगापुढं आला. जेमतेम किलोभर वजन, झाडावर राहणारा, निशाचर, मांसभक्षक गणातला. क्रिस्टोफर हेल्गेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं, त्यात स्पॅनिश 'नेब्लिना' आहे, म्हणजे धुकं.

मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हेल्गेननं हा प्राणी आधी रानात पाहिलाच नव्हता. संग्रहालयाच्या खणात, दुसऱ्याच नावाची चिठ्ठी बांधलेल्या कातड्यांमध्ये आणि कवट्यांमध्ये तो सापडला. केस निराळे, दात निराळे. मग हेल्गेन रानात गेला. त्याहून पुढची गोष्ट अशी की, साठ-सत्तरच्या दशकात एक जिवंत मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतून फिरत होती. जोडीदार दिले, वीण होईना. ती इतरांहून वेगळ्या जातीची होती. हजारोंनी तिला पाहिलं असेल, आणि ती कोण हे कुणालाच माहीत नव्हतं.

*

असं आपल्याकडं झालं आहे का? झालं आहे. तेही मुंबईत.

तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात मेघमलै नावाचा डोंगर आहे. नावातच ढग आहे. मळेवाल्या इंग्रजांनी त्याला हाय वेव्ही म्हटलं. अँगस हटन हा मळेवाला निसर्गाचा नाद असलेला. १९४८ मध्ये त्यानं तिथं एक फळं खाणारं वटवाघूळ मिळवलं. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात आलं. चिठ्ठीवर नाव पडलं ते आपल्याकडं सर्रास दिसणाऱ्या, केळीच्या-पेरूच्या बागेत येणाऱ्या छोट्या फळवाघळाचं. खण बंद झाला.

चोवीस वर्षं गेली. थायलंडचा किट्टी थोंगलोंग्या हा संग्रह तपासत होता. त्यानं दात पाहिले. चिठ्ठीवरच्या जातीला वर आणि खाली पटाशीच्या दातांच्या दोन-दोन जोड्या असतात. इथं एकेकच जोडी होती. त्या जातीला आखूड शेपूट असते, इथं शेपूटच नव्हती. ही नुसती नवी जात नव्हती, तिच्यासाठी वंशही नवा काढावा लागला. त्याचं नाव लॅटिडेन्स, म्हणजे रुंद दातांचं. जातीचं नाव सलीम अलींवरून. लेख १९७२ च्या सोसायटीच्या नियतकालिकात आला.

*

चोवीस वर्षांत तो खण कितीदा उघडला असेल? अभ्यासक आले असतील, धूळ झटकली असेल, कसर लागू नये म्हणून औषध घातलं असेल. चिठ्ठीवर नाव होतं म्हणून पुन्हा पाहावंसं कुणाला वाटलं नाही. कोरी चिठ्ठी असती तर कदाचित लवकर पाहिलं असतं.

मी मुलांना शिकवताना प्राण्याचं नाव आधी सांगायचो, मग प्राणी दाखवायचो. यापुढं उलट करायचं.

*

थोंगलोंग्या १९७४ मध्ये गेला. त्याच सुमारास थायलंडच्या गुहांमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचं, जगातल्या सर्वांत लहान सस्तन प्राण्यांमध्ये गणलं जाणारं वटवाघूळ मिळालं होतं. त्याचं शास्त्रीय वर्णन ब्रिटिश अभ्यासक जॉन एडवर्ड्स हिलनं त्याच वर्षी केलं आणि जातीला थोंगलोंग्याचं नाव दिलं. मेघमलैचं ते फळवाघूळ पुन्हा प्रत्यक्ष रानात मिळायला मात्र १९९३ साल उजाडलं.

*

वटवाघळांवरून आणखी एक. लिनेअसनं आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांचा वर्ग मांडला आणि वटवाघळांना माणूस आणि माकडांच्या शेजारी, एकाच गणात बसवलं. छातीवर दोन स्तन, हे त्याचं एक कारण. पुढं ते बदललं. आपल्याकडची जुनी विभागणी जन्म कसा होतो यावरून होती : जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. तिच्यात वटवाघूळ उडत असलं तरी जरायुजच.

तरी आमच्याकडं अजून मुलं परीक्षेत 'वटवाघूळ : पक्षी' लिहितात. मी लाल शाईनं खोडत होतो. आता वाटतं, आधी त्यांना एकदा संध्याकाळी वडाखाली न्यायला हवं होतं.

*

आपल्या लोकांच्या नावांमध्ये 'मांजर' हा शब्द किती कामं करतो, बघा. उदमांजर, जवादी मांजर, पाणमांजर, खवल्यामांजर. यांतलं एकही मांजर नाही. पहिली दोन वेगळ्या कुलातली, पाणमांजर आणखी निराळ्या कुलातलं, आणि खवल्यामांजर तर वेगळ्याच गणातलं. खरी मांजरं म्हणजे रानमांजर, वाघाटी यांसारखी. वाघाटी ही जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी एक, आणि तिच्या नावात लोकांनी वाघ घातला. ते नातं मात्र बरोबर धरलं. वाघाचं आणि तिचं कुल एकच.

म्हणजे लोकांची नावं चुकीची नसतात. ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असतात. रात्री फिरतं, कोंबडी नेतं, झुडपात लपतं, त्याला मांजर म्हटलं. नातं कुणाशी, हा प्रश्न शास्त्राचा.

*

शास्त्रानंही गोंधळ घातला आहे. आमचा रोही घ्या. हिंदीत तो नीलगाय, म्हणजे गाय. निसर्गशास्त्रज्ञ पॅलासनं १७६६ मध्ये त्याला ट्रॅगोकॅमेलस म्हटलं, म्हणजे बकरा आणि उंट. वंशाचं नाव बोसेलाफस, म्हणजे बैल आणि हरीण. एका जनावराला पाच जनावरं चिकटली. त्याचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक आहे चौसिंगा, त्याच्याहून कितीतरी लहान. विदर्भातलं 'रोही' हे नाव मला आवडतं. ते दुसऱ्या कुणासारखं नाही.

काकांना हे सांगितलं. मागच्या हंगामात त्यांच्या तुरीत रोही रात्रभर होता. ते म्हणाले, "नाव काहीबी ठेवा सर, तुरीतून काढा त्याले." त्यांच्या नुकसानीची नोंदही याच वहीत केली : तारीख, किती ओळी, कोणत्या बाजूनं आला. काढायचा कसा हे मला सांगता येत नाही. कुठून येतो, कधी येतो, कळपात किती, हे कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय ते कुणालाच सांगता येणार नाही.

*

विल्यम हेन्री साइक्स. दख्खनची मोजदाद करायला नेमलेला अधिकारी. १८३१ मध्ये त्यानं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनला सादर केली. त्यात रानकुत्र्याला मराठे कोळसून म्हणतात, असं लिहिलं आणि शास्त्रीय नाव 'दख्खनचा' म्हणून दिलं. खोकडाला तर त्यानं मराठी शब्दच शास्त्रीय नाव म्हणून लावला : कॅनिस कोकरी. ही नावं जातीची नावं म्हणून टिकली नाहीत, कारण दोघांनाही त्याआधी नावं मिळालेली होती. तोच अग्रक्रमाचा नियम. 'दख्खनचा' पोटजातीपुरता उरला.

टिकलं ते लांडग्याचं : पॅलिपेस, फिकट पायांचा. आपल्या माळांवरचा हा लांडगा साइक्सनं वेगळी जात मानला, पुढच्यांनी त्याला जगभरच्या लांडग्याची पोटजात केलं. २०२१ मध्ये संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास झाला, तेव्हा भारतीय लांडग्याची शाखा जगातल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी निघाली. साइक्सनं कातडं पाहिलं होतं, यांनी रक्तातली अक्षरं वाचली. मधली १९० वर्षं लांडगा शेळ्यांमागं फिरत राहिला आणि आपण त्याला काठीनं, विषानं मारत राहिलो.

*

मेटाडच्या वंशाचं नाव मिलार्डिया का, तेही सापडलं. मिलार्ड हे सोसायटीचे मानद चिटणीस. निवृत्त वनाधिकारी रॉटनच्या आग्रहावरून सोसायटीनं १९११ मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली आणि तिच्यासाठी मिलार्डनी पैसा उभा केला. पाहणी १९२३ पर्यंत चालली. गोळा करणारे लोक पिंजरे घेऊन गावोगाव फिरले. सुरुवात खानदेशातून, आणि लगेच वऱ्हाड.

म्हणजे आमच्या शेतातल्या उंदराच्या नावाचा पुढचा अर्धा भाग मुंबईच्या चिटणिसाचा आणि मागचा अर्धा वडारांचा. चिटणिसाचं नाव पुस्तकात आहे. शब्द देणाऱ्या वडाराचं नाव एलियटनं लिहिलं नाही.

*

याच पाहणीतून बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक वटवाघूळ मिळालं. गर्द तपकिरी अंग, मोठे, पुढं झुकलेले कान. लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसनं १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं रॉटनचं. त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ जगात ही जात फक्त त्या गुहेपुरतीच माहीत होती. नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. ती गुहा आज भीमगड अभयारण्यात आहे, म्हादईच्या उगमाच्या मुलखात. गावात मराठी बोलतात. त्या गावातल्या माणसांना जगानं त्यांच्या एका गुहेकडं इतकी वर्षं डोळे लावले होते हे कळलं होतं का, विचारावंसं वाटतं.

*

आणि सिंहगड! तिथं इतकी माणसं जातात. पिठलं-भाकरी, कांदाभजी, दही. पावसाळ्यात गड ढगात असतो, हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. त्या माथ्यावर मेटाडचा एक चुलतभाऊ आहे, त्याच्याहून मोठा. नाव मिलार्डिया कोंडाना, गडाच्या जुन्या नावावरून. त्याचं पहिलं वर्णन १९७५ मध्ये मिश्रा आणि धांडा यांनी केलं. दोघंही पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, आज त्याचं नाव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आहे. विषाणूंचा अभ्यास करणाऱ्यांना उंदीर नीट ओळखावेच लागतात. कोणता रोग कोणत्या उंदरावरच्या कोणत्या गोचिडीत, हे उंदराची जात चुकली तर सगळंच चुकतं.

गेल्या पिढ्यांनी तो गड कितीदा चढला, लढवला, गायला. आणि त्याच्या माथ्यावरचा हा प्राणी १९७५ पर्यंत बिननावाचा राहिला. आज तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे. गवत तुडवलं जातं, कचरा वाढतो. गड चढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

*

नावानं काय होतं, असं वर्गातल्या एका मुलीनं विचारलं. तिला कायदा दाखवला. २०२२ च्या दुरुस्तीआधी वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, कावळे आणि उंदरांबरोबर. मारायला मोकळी. पण मेघमलैचं ते फळवाघूळ मात्र पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत. त्याच्या रांगेत बारापेडेचंही. हा फरक थोंगलोंग्यानं मोजलेल्या दातांनी केला. चिठ्ठीवर जुनंच नाव राहिलं असतं तर ते उपद्रवीच राहिलं असतं.

तिनं लगेच पुढचं विचारलं, "मग बाकीच्यांना कोणी नीट बघितलंच नाही, असं असेल तर?" हा प्रश्न तिच्या नावानं वहीत लिहिला.

*

मारुती चितमपल्ली गेले, २०२५ च्या जूनमध्ये, सोलापुरात. वनखात्यात आयुष्य काढलं, मेळघाटात राहिले. त्यांचा पक्षिकोश, प्राणिकोश जवळ ठेवतो. हंसदेव या जैन पंडिताचा 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ त्यांच्यामुळं मराठीत आला. रानातल्या माणसाला विचारायचं, त्याचा शब्द जसाच्या तसा लिहायचा, आणि मग पोथीत बघायचं, अशी त्यांची रीत. कोरकूंचा शब्द, गोंडांचा शब्द त्यांना संस्कृत शब्दाइतकाच मोलाचा. मी त्यांच्यासारखा रानात राहिलो नाही. शेत मात्र माझ्या दारात आहे.

*

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. इथून राज्य करणाऱ्या वाकाटक हरिषेणाच्या काळात, त्याचा प्रधान वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं करवलं. पुढं माणसं ती लेणी विसरली आणि रान वाढलं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती पुन्हा दिसली. 'शोध लागला' असं आपण पुस्तकात लिहितो. वाघोरा नदीच्या काठच्या गुराख्यांना ती कधीच हरवली नव्हती. प्राण्यांच्या शोधाचंही मला हेच वाटतं. गुराख्यानं पाहिलेलं आणि स्मिथनं लिहिलेलं, दोन्ही लागतं. दुसऱ्याशिवाय पहिलं टिकत नाही, आणि पहिल्याशिवाय दुसरं होतच नाही.

*

पाऊस आला. दोन दिवस सलग. एकबुर्जीच्या वाटेवर चिखल. भेगा मिटल्या. जिथं तो उंदीर आत गेला होता तिथं आता नुसती सपाट, काळी, चकचकीत माती आहे. एलियटनं लिहिलेलं आठवलं आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. काका पेरणीच्या घाईत होते. तरी थांबले आणि म्हणाले, "सगळे नाई मरत. बांधावर चढते काही."

हे एलियटमध्ये नाही. वहीत लिहिलं, तारखेसह, काकांनी सांगितलं म्हणून.

*

उद्याचं काम. गावाबाहेरच्या वडार वस्तीत जायचं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना शेतातल्या उंदरांची नावं विचारायची. प्रत्येकाचं वर्णन आधी घ्यायचं : रंग, शेपटी, बीळ कसं, पिल्लं कधी. आपल्याकडून 'मेटाड' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यांचा शब्द आला तर तो ते म्हणतील तसाच लिहायचा, आणि सांगणाऱ्याची परवानगी घेऊन शेजारी त्याचं नावही.

पानावर पाच रकाने आखून ठेवले आहेत. शेवटचा, सांगणाऱ्याच्या नावाचा, सर्वांत रुंद ठेवला आहे.